बाटलीतलं पाणी नेमकं कुठलं? लेबल सांगत नाही, पण सरकारी फाइलला माहीत असतं

सोलापूर : उजनीत आज किती टक्के पाणी आहे, हे सोलापुरात रिक्षावाल्याला विचारा, पानटपरीवर विचारा, कॉलेजच्या पोरांना विचारा. एक-दोन टक्के इकडे-तिकडे करून बरोबर उत्तर मिळेल. ‘उजनी प्लसमध्ये आली’, ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही इथली रोजची भाषा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा तर सकाळी उठून आधी तो आकडा बघायची सवयच लागली होती.

आता त्याच माणसाला त्याच्या हातातल्या वीस रुपयांच्या बाटलीतलं पाणी कुठून आलं, असं विचारा. ‘कंपनीचं आहे’, एवढंच उत्तर येईल. त्याची चूक नाही. बाटलीवर ते लिहिलेलंच नसतं.

आमच्या घरीही वेगळं नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. आलं की टाकी, पिंप, बादल्या, घागरी, सगळं भरून ठेवायचं. तिसऱ्या दिवसानंतर आई पिंपातलं पाणी प्यायला नको म्हणते आणि जार मागवला जातो. मध्यंतरी जार घेऊन येणाऱ्या दादाला सहज विचारलं, पाणी कुठलं? ‘फिल्टरचं.’ फिल्टर व्हायच्या आधी कुठलं? तो हसला. ‘बोअरचं असंल की.’ किती फूट खोल, कुठल्या जागेत, शेवटची तपासणी कधी झाली, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. ते ज्यांना माहीत असायला हवं त्यांच्याकडे आहे का आणि असेल तर आपल्याला का दिसत नाही, हा या लेखाचा विषय.

‘मिनरल वॉटर’ म्हणून आपण जे पितो ते काय?

आपल्याकडे कुठलीही बाटली ‘बिसलरी’ आणि कुठलंही बाटलीबंद पाणी ‘मिनरल वॉटर’. कायद्याच्या भाषेत मात्र यात दोन स्पष्ट प्रकार आहेत.

नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणजे जमिनीखालच्या ठरावीक झऱ्यातून किंवा विंधन विहिरीतून आलेलं, तिथेच जवळ बाटलीत भरलेलं पाणी. त्याचं मानक आयएस १३४२८. यात क्षार मुळातच असतात, स्रोताचा परिसर संरक्षित ठेवावा लागतो आणि पाण्यात फारसे बदल करता येत नाहीत. हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातून येणारं महागडं पाणी या गटातलं. सोलापूरच्या एसटी स्टँडवर ते सहसा दिसत नाही.

स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये, वारीच्या वाटेवर जे मिळतं ते ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’. त्याचं मानक आयएस १४५४३. याची व्याख्या वाचली तर थोडं चकित व्हायला होतं. भूपृष्ठावरचं पाणी, भूजल किंवा समुद्राचं पाणी, यातलं काहीही चालतं. ते गाळून, कार्बन फिल्टरमधून किंवा आरओमधून नेऊन, निर्जंतुक करून पॅक केलं की झालं. म्हणजे नदी, कालवा, बोअर, टँकर, अगदी महापालिकेचा नळसुद्धा. यात बेकायदा काही नाही. पण यातलं नेमकं काय, हे लेबलवर सांगायची सक्ती नाही. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत प्यावं, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि परवाना क्रमांक एवढं असतं. पत्ता कारखान्याचा, पाण्याचा नव्हे.

गंमत म्हणजे एखाद्या गावाचं किंवा ठिकाणाचं नाव ब्रँडमध्ये वापरायचं असेल तर पाणी तिथूनच घेतलेलं हवं, असा नियम आहे. पाण्याच्या उगमाबद्दल गैरसमज होईल असं चित्र किंवा वाक्य छापायलाही मनाई आहे. पुढच्या वेळी किराणा दुकानात बर्फाच्छादित डोंगराचं चित्र असलेल्या बाटल्या मोजून बघा.

आणि जार?

इथे घोळ आहे. २० लिटरचा जार सीलबंद असेल, त्यावर लेबल आणि परवाना क्रमांक असेल तर तो बाटलीसारखाच, सगळे नियम लागू. पण आपल्याकडे ऑफिसात, दुकानात, मंगल कार्यालयात जो थंड पाण्याचा जार येतो, झाकण नुसतं फिरवून लावलेला, त्याला सील नसतं आणि लेबलही नसतं. तो ‘पॅकबंद’ नाही, म्हणून अन्न परवान्याच्या चौकटीत बसत नाही, अशी अन्न व औषध प्रशासनाची भूमिका राहिली आहे. महापालिकेला विचारलं तर पाणी शुद्ध करून विकण्याचा परवाना आम्ही देत नाही, असं उत्तर मिळतं. दोन खात्यांच्या मधल्या या पोकळीत राज्यभर धंदा उभा राहिला.

ही पोकळी किती महाग पडू शकते, ते जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गिलेन बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढायला लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. दूषित पाण्या-अन्नातून होणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर’ या जिवाणूचा संसर्ग हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं जातं आणि रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडलाही. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात. रुग्ण पुण्याहून आलेला होता. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष विहिरीकडे आणि नळाकडे होतं. नंतर पुणे महापालिकेने त्या भागातल्या खाजगी आरओ प्लांटचे नमुने घेतले. लोक नळाच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून जिथून पाणी विकत घेत होते, त्यातल्याच बऱ्याच ठिकाणचं पाणी पिण्यालायक नव्हतं. प्लांट सील झाले आणि त्यानंतर या प्लांटसाठी नियमावली आखायची धावपळ सुरू झाली. म्हणजे इतकी वर्षं ती नव्हती.

प्रक्रिया केली ना, मग स्रोताशी काय देणं-घेणं?

हा प्रश्न प्लांटवाले नेहमी विचारतात आणि तो वाजवी आहे. आरओमधून बहुतेक सगळं निघून जातं, मग पाणी नदीचं की बोअरचं याने काय फरक पडतो?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आत काय जातंय ते माहीत नसेल तर बाहेर काय येतंय यावर विश्वास ठेवणं म्हणजे देवावर हवाला. आरओची मेम्ब्रेन कायम नवी राहत नाही. ती जुनी झाली, तिच्यावर क्षारांचा थर बसला की काय आणि किती सुटून पलीकडे जाईल, हे कच्च्या पाण्यात काय होतं यावर ठरतं. आणि पाण्यात काय शोधायचं, हेही स्रोतच सांगतो.

सोलापूर बेसाल्टच्या काळ्या खडकावर बसलेलं आहे. इथल्या बोअरचं पाणी जड. बोअरच्या आजूबाजूला शोषखड्डे, गटारं किंवा खत टाकलेली शेतं असतील तर नायट्रेटची शंका घ्यावी लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त असेल तर बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. नदी-कालव्याच्या पाण्यात भीती वेगळी, जिवाणूंची आणि कीटकनाशकांची. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि त्यातून तयार होणारी संयुगं बघावी लागतात.

प्रक्रियाच कशी अंगाशी येऊ शकते, याचं एक उदाहरण अभ्यासात वाचलं होतं. कोका-कोलाने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘दसानी’ हे बाटलीबंद पाणी आणलं. ते लंडनजवळच्या सिडकपमधलं नळाचं पाणी निघालं, यावर तिथल्या पेपरांनी भरपूर खिल्ली उडवली. पण खरी अडचण नंतर आली. चवीसाठी घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं. निर्जंतुकीकरणासाठी ओझोन सोडल्यावर त्याचं ब्रोमेट झालं, जे कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतं. सुमारे ५ लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. मूळ नळाचं पाणी बरं होतं. दोष घातलेल्या पदार्थात आणि ओझोनमध्ये होता. आत काय काय गेलं याची नोंद होती, म्हणून तो सापडला.

जाता जाता टीडीएस मीटरबद्दल. जार विकणारे तो पेनासारखा मीटर पाण्यात बुडवून ‘बघा, किती कमी’ असं दाखवतात. तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जिवाणू, कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत. शिवाय पॅकबंद पाण्यात टीडीएस ७५ ते ५०० च्या दरम्यान असावा, असं मानक आहे. तेव्हा ‘२०’ आला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तो मानकाबाहेर आहे.

हे सगळं २००३ मध्येच कळलं होतं

बाटलीबंद पाण्याला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं मार्च २००१ मध्ये. दोनच वर्षांत, फेब्रुवारी २००३ मध्ये, दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातल्या बाटल्या तपासून अहवाल काढला. आयएसआय चिन्ह असलेल्या नामांकित ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. संस्था तिथेच थांबली नाही. प्लांटच्या परिसरातलं कच्चं पाणीही तिने तपासलं आणि तिथेही तीच कीटकनाशकं मिळाली. पाप बाटलीत नव्हतं, बोअरमध्ये होतं.

त्यानंतर सरकार हललं. १ जानेवारी २००४ पासून एका कीटकनाशकासाठी लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आणि सगळ्यांची मिळून ०.०००५ मिलिग्रॅम अशी युरोपच्या धर्तीची मर्यादा लागू झाली. (शीतपेयांबाबतही असाच अहवाल आल्यावर संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष शरद पवार होते.) मर्यादा कडक झाली, हे मोठं काम झालं. स्रोत जाहीर करण्याचा मुद्दा मात्र तिथेच राहिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चित्र पुन्हा बदललं. ‘एफएसएसएआय’ने, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, पॅकबंद पाण्यासाठी आयएसआय प्रमाणपत्राची सक्ती काढून टाकली. एकाच वस्तूसाठी दोन परवाने नकोत, हे त्यामागचं कारण. लगेच नोव्हेंबरमध्ये या पाण्याचा समावेश ‘अति जोखमीच्या’ अन्नपदार्थांत केला गेला. त्यामुळे परवान्याआधी तपासणी, दरवर्षी तपासणी आणि बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट बंधनकारक झालं. कागदावर हे बरं दिसतं. पण त्या तपासणीत काय आढळलं, हे तुम्हा-आम्हाला आपोआप कळण्याची सोय त्यात नाही.

माहिती आहे, फक्त आपल्यासाठी नाही

पॅकबंद पाण्याच्या परवान्यासाठी जी कागदपत्रं जोडावी लागतात, त्यात कीटकनाशकांच्या तपासणीचा अहवाल असतो. नमुना प्रयोगशाळेच्या कोणत्या प्रतिनिधीने घेतला, कोणत्या तारखेला घेतला आणि कच्च्या पाण्याचा स्रोत कोणता, हे त्यात नमूद करावं लागतं. म्हणजे सरकारने प्रश्न विचारलेला आहे, उत्पादकाने उत्तर दिलेलं आहे. उत्तर फाइलमध्ये आहे. बाटलीवर यायला त्याला एक ओळ पुरेल.

अशीच दुसरी फाइल केंद्रीय भूजल प्राधिकरणाकडे. २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उद्योगाला भूजल उपसायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं, पाण्याचा डिजिटल मीटर बसवावा लागतो. भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात नव्या पाणी-बाटली उद्योगाला परवानगीच नाही, तो लघुउद्योग असला तरी. पण रोज १० घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांना प्रमाणपत्रातून सूट आहे. १० घनमीटर म्हणजे १०,००० लिटर. आरओमध्ये निम्मं पाणी वाया गेलं असं धरलं तरी रोजचे अडीचशे जार. गल्लीतल्या प्लांटला एवढे खूप झाले. एका प्लांटचं ठीक आहे, पण एकाच भागात असे पाच-सहा प्लांट असतील तर शेजाऱ्यांच्या बोअरचं काय होतं, याचा हिशेब कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही.

बाहेर काय करतात? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये कायदा करून २००९ पासून बाटलीवर पाण्याचा स्रोत आणि ग्राहकाला गुणवत्तेचा अहवाल मागता येईल असा संपर्क छापणं बंधनकारक केलं. त्याच्या थोडं आधी, २००७ मध्येच, पेप्सिकोने ‘अ‍ॅक्वाफिना’च्या अमेरिकेतल्या लेबलवर ‘सार्वजनिक पाणीपुरवठ्यातून’ असं स्पष्ट लिहायचं कबूल केलं. आधी नुसती आद्याक्षरं होती. युरोपमध्ये मिनरल वॉटरच्या बाटलीवर झऱ्याचं नाव आणि ठिकाण असतं.

अर्थात लेबलवर नाव आलं की सगळं आलबेल, असंही नाही. फ्रान्समध्ये ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं नामांकित कंपन्यांचं पाणी गुपचूप फिल्टर होत होतं आणि सरकारला ते आधीपासून माहीत होतं, हे जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पत्रकारांनी बाहेर काढलं. पण झऱ्याचं नाव जाहीर होतं, म्हणून प्रश्न विचारायला जागा होती. इथे प्रश्न कुठल्या बोअरबद्दल विचारायचा, हेच माहीत नसतं.

डिसेंबर २०२५ मध्ये पॅकबंद पाण्याची मानकं जागतिक दर्जाची करावीत, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. देशात अनेकांना प्यायला पाणीच नाही, हा शहरी चोचला आहे, असा न्यायालयाचा सूर होता. दिल्लीतून तसं दिसत असेल. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात जार ही चैन नाही. तो घरखर्चाच्या वहीत दुधाच्या खाली लिहिलेला असतो.

तुम्ही काय तपासू शकता?

बाटलीवरचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा. पहिला आकडा १ म्हणजे परवाना, २ म्हणजे नुसती नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचा संकेतांक १५. केंद्रीय परवाना असेल तर तिथे ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५२२ ने सुरू होणारा क्रमांक २०२२ चा महाराष्ट्रातला परवाना. एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर तो टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, हे दिसतं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. आता ते ऐच्छिक आहे, पण छापलं असेल तर खरं असलंच पाहिजे.

जारला लेबलच नसेल तर तपासायला काही उरत नाही. सीलबंद जार मागा.

पाण्याबद्दल शंका असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडे देऊ शकतो. विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं आणि फी भरावी लागते. नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

आणि स्रोत? त्यासाठी सध्या एकच रस्ता, माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. परवाना केंद्रीय असेल तर एफएसएसएआयकडे. बाटलीवरचा परवाना क्रमांक लिहायचा आणि तीन गोष्टींच्या प्रती मागायच्या : परवान्याच्या अर्जासोबतचा कच्च्या पाण्याच्या स्रोतासह असलेला तपासणी अहवाल, गेल्या वर्षभरातले तपासणी अहवाल आणि शेवटच्या ऑडिटचा अहवाल. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम ८(१)(ड) पुढे केलं जाण्याची शक्यता आहे. त्याच कलमात, व्यापक जनहित असेल तर ही माहिती देता येते, असंही लिहिलेलं आहे. ते वाक्य अर्जातच नमूद करून ठेवा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आमच्या घरी येणाऱ्या जारला क्रमांकच नाही. त्यामुळे माझा अर्ज सध्या चौकातल्या टपरीवरून आणलेल्या एका बाटलीवर आहे. उत्तर आलं की इथेच छापू.